धुराने पोळलेला श्वास

आगीत सापडलेल्या मनुष्यास दवाखान्यात नेले म्हणजे आप्तेष्टांचा पहिला प्रश्न असतो, "किती टक्के भाजले?" हा प्रश्न स्वाभाविक आहे. कातडीवरची जखम डोळ्यांना दिसते, तिचे मोजमाप होते, आणि त्या आकड्यावरून रोगी वाचेल की नाही याचा अंदाज बांधण्याची आपणा सर्वांस सवय झालेली आहे. परंतु आगीची एक जखम अशी आहे की ती या टक्क्यांत धरली जात नाही. ती नाकाच्या आत, घशात, छातीत आणि रक्तात असते. पहिल्या काही तासांत ती पाहणारास दिसत नाही, आणि पुष्कळदा खुद्द रोग्यासही जाणवत नाही. धुराने श्वासमार्गास व रक्तास झालेली इजा ती हीच. मी वैद्य नव्हे, जुना शाळामास्तर आहे. तेव्हा औषधांची मात्रा सांगणे हा माझा अधिकार नाही. परंतु या इजेच्या निदानाचा मोठा भाग घरच्या माणसांच्या हाती असतो, आणि तेवढा भाग समजावून देणे हे मास्तराचेच काम आहे.

आगीत मरण येते ते ज्वाळेने, अशी आपली समजूत असते. घडलेल्या गोष्टी पाहिल्या म्हणजे ही समजूत टिकत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भल्या पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. तेथे १७ बालके होती. त्यांतील ७ बाहेर काढता आली व १० दगावली. या १० पैकी ३ बालके भाजल्याने आणि ७ धुराने गुदमरून गेली, असे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी त्या वेळी सांगितले. त्यापूर्वी २९ डिसेंबर २०१७ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारातील उपाहारगृहांस आग लागली आणि १४ माणसांचा अंत झाला. त्यांतील बहुतेक गुदमरून गेली. ज्वाळेपासून आडोसा मिळेल या आशेने पुष्कळजण प्रसाधनगृहात शिरले होते; तेथे ज्वाळा पोहोचण्याआधी धूर पोहोचला.

वैद्यकशास्त्राच्या ध्यानात ही गोष्ट ठळकपणे आली ती अमेरिकेतील बॉस्टन शहरी. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तेथील कोकोनट ग्रोव्ह नावाच्या करमणूकगृहास आग लागून ४९२ माणसे मेली. दवाखान्यांत आणलेल्या कित्येकांच्या अंगावर भाजल्याच्या खुणा अगदी थोड्या होत्या, तरी ती मेली. आणि जी प्रथम बरी वाटली त्यांतील काहींचा श्वास नंतर कोंडू लागला. तेथील डॉक्टरांनी या रोग्यांचा बारकाईने अभ्यास करून तो १९४३ साली प्रसिद्ध केला. भाजलेल्या रोग्याच्या श्वासमार्गाकडे स्वतंत्रपणे लक्ष दिले पाहिजे, हा धडा तेव्हापासून पक्का होत गेला.

हे सारे मोठ्या शहरांतील उंच इमारतींचे दुखणे आहे, असे मात्र समजू नये. आमचे सेलू हे वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. भोवतालचा मुलूख कापसाचा. वेचणी झाली की भाव चढेपर्यंत घरातल्याच एखाद्या खोलीत कापूस भरून ठेवण्याची इकडे रीत आहे. कापसाचा स्वभाव असा की ठिणगी पडली तरी तो लगेच भडकेलच असे नाही. पुष्कळदा तो आतल्या आत तासन्‌तास धुमसतो. अपुऱ्या हवेत असे जे जळते त्याची ज्वाळा थोडी आणि विष अधिक. कुटाराने भरलेल्या गोठ्यास आग लागली असता बैल सोडविण्यासाठी आत धावणारा शेतकरी, आणि शहरात बंद सदनिकेतील पेटलेली फोमची गादी विझवू पाहणारा गृहस्थ, हे दोघेही एकाच संकटात पाऊल टाकीत असतात.

आता हे संकट शरीरात नेमके काय करते ते पाहू. धुराची इजा तीन ठिकाणी होते, आणि तिन्हींचे स्वरूप व वेळापत्रक निरनिराळे असते.

पहिले ठिकाण म्हणजे नाक, तोंड व घसा, थेट स्वरयंत्रापर्यंत. येथे काम करते ती उष्णता. कोरड्या तापलेल्या हवेत उष्णतेचा साठा फारसा नसतो. वरचा मार्ग ओलसर असल्यामुळे ती उष्णता तेथेच शोषली जाते, आणि स्वरयंत्राचे दारही झटक्याने मिटते. म्हणून फुप्फुसे सहसा उष्णतेने भाजत नाहीत. अपवाद वाफेचा, वाफेत उष्णता पुष्कळ असल्यामुळे ती खोलवर जाऊन पोळते. घशाचा अस्तर भाजला म्हणजे हातावरच्या फोडाप्रमाणे तोही सुजतो. परंतु हात सुजला तर त्यास बाहेर जागा आहे. घसा सुजला तर आतच सुजतो आणि वाट अरुंद करतो. ही सूज काही तासांत चढू लागते व पहिल्या एक-दीड दिवसात वाढत राहते. येथे थोडे गणित करावे. तान्ह्या मुलाच्या श्वासनलिकेचा व्यास सुमारे ४ मिलिमीटर धरला आणि चोहोबाजूंनी अवघा १ मिलिमीटर सूज आली, तर व्यास उरतो २ मिलिमीटर. व्यास निम्मा झाला म्हणजे वाट निम्मी होत नाही, ती चौथा हिस्सा होते. मोठ्या माणसास जी सूज सोसवते ती लहान मुलास का सोसवत नाही, हे यावरून समजेल.

दुसरे ठिकाण म्हणजे श्वासनलिका व तिच्या फांद्या. येथे काम करते ते रसायन. धूर म्हणजे नुसता काळा रंग नव्हे. काजळीच्या प्रत्येक कणावर दाहक द्रव्ये बसून आत जातात. लाकूड व कापूस जळताना डोळ्यांस व घशास झोंबणारी द्रव्ये निघतात. विजेच्या तारांचे प्लॅस्टिकचे वेष्टण जळाले म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. श्वासनलिकेच्या आतील अस्तरावर अतिसूक्ष्म लव असते. ती सतत हालत राहून धूळ व कफ वर लोटीत असते, जणू घरातला केर अष्टौप्रहर चालू असतो. दाहक द्रव्यांनी ही लव निकामी होते. मग कफ, काजळी व सुटलेले अस्तर यांचे बुच तयार होऊन बारीक नळ्या तुंबतात, आणि तुंबलेल्या जागी काही दिवसांत न्युमोनिया होतो. ही इजा बहुधा एक ते तीन दिवसांनी डोके वर काढते. पहिल्या दिवशी काढलेला छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला म्हणून छाती निर्दोष आहे असे ठरत नाही, ते यामुळेच.

तिसरे ठिकाण रक्त. येथील मुख्य विष कार्बन मोनॉक्साइड. त्यास रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील तांबडे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ते समजण्यास एस. टी. च्या गाडीचे उदाहरण घ्यावे. हिमोग्लोबिन ही गाडी. फुप्फुसाच्या फलाटावर प्राणवायूचे उतारू तिच्यात चढतात आणि शरीराच्या गावोगावी उतरतात. गाडी उभी राहते न राहते तोच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे उतारू आपण पाहिलेले आहेत. कार्बन मोनॉक्साइड हा तसा उतारू आहे. हिमोग्लोबिनची जागा धरण्याची त्याची ताकद प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक. आणि एकदा बसला की तो गावोगाव उठत नाही. गाडी भरलेली असते, वेळेवर धावत असते, परंतु मेंदूच्या व हृदयाच्या थांब्यावर कोणी उतरतच नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १८९६ साली कोळशाच्या खाणींतील स्फोटांचा अभ्यास करून दाखविले की, मेलेल्या बहुतेक कामगारांचा घात स्फोटाने किंवा ज्वाळेने नव्हे, तर मागाहून पसरलेल्या या वायूने केला होता. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत, त्याचेही कारण हेच. तेथे आग लागलेली नसते, तरी विष तेच असते.

या वायूच्या जोडीस कधी कधी सायनाइड असते. लोकर, रेशीम, नायलॉन व फोमच्या गाद्या जळाल्या म्हणजे ते निघते. कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूची वाहतूक अडविते. सायनाइडमुळे पोहोचलेला प्राणवायूही शरीरातील पेशींस वापरता येत नाही. दोन्ही एकदम झाली म्हणजे मनुष्य फार लवकर कोसळतो.

अशी ही तीन ठिकाणची इजा ओळखावी कशी? दवाखान्यात यंत्रे आहेत, त्यांचे मी पुढे सांगतो. परंतु निदानाचा आरंभ यंत्रापासून होत नाही. तो हकिकतीपासून होतो, आणि हकिकत सांगणारे आपण असतो. रोगी गुंगीत असेल, घशात नळी असेल, तर त्याच्यावतीने बोलणारा दुसरा कोण? म्हणून पाच गोष्टींची उत्तरे आठवून, शक्य तर कागदावर लिहून, डॉक्टरांस द्यावी.

पहिली गोष्ट, तो बंद जागेत होता की उघड्यावर. बंद जागेतील धूर हा सर्वांत मोठा संशय होय. दुसरी, धुरात किती वेळ होता. तिसरी, त्याची शुद्ध हरपली होती काय. थोडा वेळ हरपून परत आली असली तरी ते सांगावे, कारण बेशुद्ध मनुष्य तोंड फिरवू शकत नाही, येईल तो धूर श्वासाबरोबर घेत राहतो. चौथी, काय जळत होते: कापूस, रॉकेल, गादी, विजेच्या तारा की रंगाचे डबे, सायनाइडचा संशय घ्यावा की नाही हे यावरून ठरते. पाचवी गोष्ट घड्याळाची: आग केव्हा लागली, त्यास बाहेर केव्हा काढले, आणि प्राणवायू केव्हा लावला. रक्तातील कार्बन मोनॉक्साइड प्रत्येक तासाला उतरत असतो. वाटेत प्राणवायू मिळून तीन तासांनी तपासलेल्या रक्तात तो थोडा निघाला, तर आरंभीही तो थोडाच होता असे म्हणता येत नाही. वेळ ठाऊक असेल तरच डॉक्टरांस मागचा हिशेब करता येतो.

उघड्यावरील आग मात्र निर्धास्त असते असेही नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी आमच्याच जिल्ह्यात हिंगणघाट येथे भर रस्त्यात एका तरुणीच्या अंगावर पेट्रोल टाकून तिला पेटविण्यात आले. ती घटना सबंध महाराष्ट्रास ठाऊक आहे. भाजलेला भाग निम्म्याहून पुष्कळ कमी होता. परंतु चेहरा भाजला होता आणि श्वासमार्गही पोळला होता. नागपूरच्या रुग्णालयात सात दिवस झुंजून १० फेब्रुवारीस तिचा अंत झाला. ज्वाळा तोंडाजवळ आली म्हणजे बंद खोलीची गरज राहत नाही. यास्तव चेहरा व मान भाजलेल्या प्रत्येक रोग्याच्या श्वासाची चौकशी झालीच पाहिजे.

हकिकतीनंतर चिन्हे. भुवया व नाकातील केस जळलेले आहेत काय ते पाहावे. जीभ, घसा व नाकपुड्या यांत काजळी आहे काय, खोकल्यातून काळा कफ पडतो काय, लाळ गिळता येत नाही काय, श्वास आत घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येतो काय, हे पाहावे. डोके दुखणे, मळमळणे, गोंधळून जाणे, बरळणे ही रक्तातील विषाची चिन्हे असू शकतात. "घाबरला आहे, दुसरे काही नाही," असे म्हणून ती सोडून देऊ नयेत. कार्बन मोनॉक्साइडने मनुष्य लालबुंद दिसतो असे पुस्तकांत असते, परंतु जिवंत रोग्यात ती लाली क्वचितच आढळते. तिची वाट पाहू नये.

सर्वांत मोलाचे चिन्ह आवाज हे आहे. स्वरयंत्र सुजू लागले की आवाज घोगरा होतो. रोग्याचा नेहमीचा आवाज कसा होता हे डॉक्टरांस ठाऊक नसते. ते त्याच्या बायकोस, आईस, भावास ठाऊक असते. "डॉक्टरसाहेब, याचा आवाज असा नव्हता," हे घरच्या माणसाचे एक वाक्य एखाद्या तपासणीइतके मोलाचे ठरू शकते. म्हणून रोग्याशी दर थोड्या वेळाने दोन शब्द बोलावे. सकाळी स्पष्ट बोलणारा दुपारी घोगरा बोलू लागला, तर ती बातमी तत्काळ द्यावी.

आता यंत्रांविषयी. करोनाच्या साथीपासून बोटास लावावयाचा ऑक्सिमीटर घरोघरी आला आहे, आणि त्यातील आकड्यावर लोकांचा मोठा विश्वास बसला आहे. धुराच्या रोग्यात तो विश्वास घातक होतो. मघाची गाडी आठवावी. ऑक्सिमीटर फलाटावरून पाहतो. गाडीतील जागा भरलेल्या आहेत एवढेच त्यास दिसते. आत प्राणवायू बसला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हे त्यास ओळखता येत नाही. म्हणून रोगी आतून गुदमरत असतानाही तो ९८ किंवा ९९ असा आकडा दाखवू शकतो. खरा हिशेब कळण्यास रक्त काढून को-ऑक्सिमीटर नावाच्या यंत्रात तपासावे लागते. रक्तातील लॅक्टिक आम्ल फार वाढलेले निघाले तर सायनाइडचा संशय बळावतो. श्वासनलिकेत काय झाले आहे हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी ब्राँकोस्कोप ही बारीक, लवचिक दुर्बीण आत घालतात. काजळी, लाली, सूज, सोललेले अस्तर पाहून इजेची प्रत शून्य ते चार अशी ठरविण्याची पद्धती आहे.

उपचारांत पहिला मान प्राणवायूस. संशय येताच, तपासणीची वाट न पाहता, घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून शंभर टक्के प्राणवायू देतात. कारण साधे आहे. साध्या हवेत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर येण्यास चार-पाच तास लागतात. निव्वळ प्राणवायू दिला तर तास-दीड तासात तो निम्म्यावर येतो. फलाटावर प्राणवायूच्या उतारूंची एवढी गर्दी करावयाची की त्या अडेलतट्टूस जागा सोडावीच लागेल. सायनाइडचा दाट संशय असल्यास हायड्रॉक्सोकोबालामिन नावाचे औषध शिरेतून देतात. हा ब-१२ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार होय. त्याने रोग्याची कातडी व लघवी काही काळ लाल होते. घरच्यांनी भिऊ नये.

यानंतरचा प्रश्न घरच्यांच्या मनाची कसोटी पाहणारा असतो. रोगी उठून बसला आहे, बोलतो आहे, आणि डॉक्टर म्हणतात, "घशातून नळी घालून श्वास यंत्रावर घ्यावा लागेल." आपल्याकडे व्हेंटिलेटरचे नाव काढले की आता संपले, अशी भावना होते, मग संमती देण्यास विलंब लागतो, गावाहून काकांना येऊ द्या, विचारून सांगतो, असे चालते. येथेच वेळ हातची जाते. सूज चढण्यापूर्वी नळी सहज जाते. सूज चढल्यावर तीच नळी घालणे अवघड होते, कधी अशक्य होते, आणि मग गळ्यास छेद देऊन वाट करावी लागते. ही नळी शेवटचा उपाय म्हणून घालीत नाहीत. मिटू पाहणारे दार उघडे राहावे म्हणून लावलेला तो अडसर आहे, आणि सूज उतरली की पुष्कळांची ती काढता येते. धूर लागलेल्या प्रत्येकास नळी घालावी असाही नियम नाही. अनावश्यक नळीचे स्वतःचे धोके असतात. कोणास हवी व कोणास केवळ पहारा पुरे, हे डॉक्टर घसा पाहून ठरवितात. आपण कारण विचारावे, समजून घ्यावे, परंतु निर्णय लांबवू नये.

खालच्या नळ्यांची इजा बरी करणारे एकच असे औषध नाही. ओलसर केलेला प्राणवायू, नळ्या सैल करणारी औषधे, बुच विरघळावे म्हणून वाफाऱ्यातून द्यावयाची औषधे, दुर्बिणीने कफ धुऊन काढणे, छातीचा व्यायाम, आणि डोक्याकडील बाजू उंच ठेवणे, अशा अनेक हातांनी हे काम करावे लागते. ज्याची कातडी व श्वासमार्ग दोन्ही भाजली आहेत त्यास शिरेतून पाणीही अधिक द्यावे लागते. न्युमोनिया होईल या भीतीने अगोदरच अँटिबायोटिक किंवा स्टेरॉईड देण्याने लाभ होत नाही असे आढळून आले आहे, म्हणून "एवढे भाजले तरी भारी औषध का देत नाही?" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये.

या इजेचे वजन किती? भाजलेल्या रोग्याच्या धोक्याचा एक सोपा ठोकताळा आहे: वय आणि भाजलेल्या भागाचे टक्के यांची बेरीज. श्वासमार्ग पोळला असेल तर त्या बेरजेत आणखी १७ मिळवितात. चाळीस वर्षांचा मनुष्य ३० टक्के भाजला तर बेरीज ७०. त्यात धुराची इजा असेल तर ८७. भाजण्याच्या हिशेबात एक सबंध हात म्हणजे ९ टक्के. म्हणजे न दिसणारी ही जखम जवळजवळ दोन सबंध हात भाजण्याच्या तोलाची झाली.

मग घरी काय करावे? आग लागली असता धूर वर जातो, खाली काहीशी बरी हवा असते. म्हणून वाकून किंवा रांगत बाहेर पडावे. तोंडावर ओले फडके धरले तर काजळी अडते, परंतु कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. फडक्याच्या भरवशावर परत आत जाऊ नये. सामान, कापूस, दागिने यांसाठी तर नाहीच नाही. बाहेर काढलेल्या मनुष्यास मोकळ्या हवेत आणावे. भाजलेल्या जागेवर सुमारे वीस मिनिटे साधे थंड पाणी ओतावे. शाई, तूप, हळद किंवा दात घासण्याची पेस्ट लावू नये. शुद्धीवर असेल तर त्यास बसते ठेवावे. बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर कुशीवर निजवावे. श्वासच थांबला असेल तर ज्यास छातीवर दाब देण्याची रीत येत असेल त्याने ती त्याच क्षणी सुरू करावी. तोंडाने काही देऊ नये. धुळीत व धुरात काम करणाऱ्यांत गूळ खाण्याची चाल आहे. परंतु गूळ अन्ननलिकेत जातो, धूर श्वासनलिकेत गेलेला असतो, आणि गुंगीतल्या माणसाच्या तोंडात घातलेला पदार्थ भलत्याच वाटेने जाण्याची भीती असते.

आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तिच्यात प्राणवायू असतो, म्हणजे उपचार वाटेतच सुरू होतो. आमच्या बाजूस सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, पुढे नागपूर आहे. आपापल्या गावाजवळ अशी सोय कोठे आहे हे प्रत्येक कुटुंबाने आधीच माहीत करून ठेवावे. बंद जागेतील धुरात सापडलेला मनुष्य "मला काही झाले नाही" म्हणाला तरी त्यास दाखवून आणावे, आणि डॉक्टरांनी एक दिवस नजरेखाली ठेवावयाचे म्हटले तर हट्टाने घरी आणू नये. घरी परतल्यावरही काही आठवडे लक्ष असू द्यावे. कार्बन मोनॉक्साइडच्या रोग्यांत कधी कधी बरे वाटल्यानंतर काही दिवसांनी विसराळूपणा, चिडचिड, चालण्यात अडखळणे अशी चिन्हे दिसू लागतात. तो स्वभावाचा दोष नसतो. मेंदूवर झालेल्या आघाताची ती उशिरा आलेली नोंद असते, आणि ती डॉक्टरांस कळविली पाहिजे.

श्रोतेहो, "किती टक्के भाजले?" हा प्रश्न आपण विचारूच. त्याचे उत्तर डॉक्टर देतील. परंतु तो कोठे होता, किती वेळ होता, काय जळत होते, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा आहे काय, या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांनी आपणांस विचारावयाची आहेत. त्यांनी विचारण्याची वाट न पाहता ती आपण होऊन सांगावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.